सुट्या पानांच्या चहाच्या दुकानात पहिल्यांदा जाताना : कोकणातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोकणातल्या घरांत कोरा चहा परका नाही. सकाळी न्याहारीबरोबर, दुपारच्या झोपेनंतर किंवा पाहुणा अवचित आला आणि घरात दूध नसले, तर गूळ घालून केलेला कोरा चहा आजही अनेक घरांत होतो. ज्याला असा चहा आवडतो, त्याने उत्तम प्रतीच्या पानांच्या चहाकडे जाणारी निम्मी वाट आधीच चाललेली असते, कारण हे चहा बहुतेक वेळा दुधाशिवायच प्यायचे असतात. अडचण येते ती दुकानात पाऊल ठेवल्यावर. एकीकडे डब्यांची रांग, त्यांवर अनोळखी मळ्यांची नावे आणि इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक साखळ्या, आणि दुसरीकडे किलोला काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत जाणारे भाव, हे सारे पाहून नवखा माणूस एक तर सर्वांत महागडे पाकीट उचलतो किंवा काहीच न घेता परत फिरतो. दुकान रत्नागिरी-चिपळुणात असो की मुंबई-पुण्यात, निवड कशी करावी आणि आणलेला चहा आपल्या दमट हवेत कसा जपावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

दुकानात जाण्यापूर्वी

सर्वप्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. पांढरा, हिरवा, ऊलाँग आणि काळा हे सगळे चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. त्या झाडाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. खुडलेल्या पानाचे पुढे काय केले यावर चहाचा प्रकार ठरतो. पान लगेच वाफेवर किंवा तापलेल्या कढईत परतले की त्याचे काळे पडणे थांबते आणि हिरवा चहा मिळतो. ते सुकवून, वळून हवेत पुरते तांबूस होऊ दिले की काळा चहा होतो. त्या दोहोंच्या मधे कुठेतरी थांबवले तर ऊलाँग. गवती चहा, तुळस, जास्वंद यांचे काढे दुकानात ‘हर्बल टी’ या नावाने मिळतात, परंतु त्यांत चहाचे पान नसते. ते चांगले असू शकतात, पण परसात गवती चहाचे बेट असणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

आपण रोज जी चहा पावडर वापरतो ती जवळजवळ नेहमी सीटीसी पद्धतीची असते. 1930 च्या सुमारास आसामात विकसित झालेल्या या पद्धतीत पान दातेरी रुळांतून चिरडून, फाडून त्याचे दाणे केले जातात. अशा चहाचा रंग झटकन उतरतो, कडकपणा येतो आणि दूध-साखरेत त्याची चव टिकते. पान अख्खे ठेवून, हलक्या हाताने वळून केलेल्या चहाला ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. त्याचा रंग सावकाश उतरतो, आणि रंगापेक्षा सुगंध हे त्याचे खरे बळ असते. हा फरक ठाऊक नसला की पहिलाच कप ‘पाणचट’ वाटतो आणि उत्साह तिथेच मावळतो. दूध घातल्यावाचून चालणारच नसेल तर तसे दुकानदाराला मोकळेपणाने सांगावे. आसामचा दमदार ऑर्थोडॉक्स चहा थोडे दूध सहज पेलतो, त्यामुळे दुधाच्या चहाचा शौक असणाऱ्यालाही या दुकानात घेण्याजोगे बरेच काही असते.

दुकानात जायची वेळही विचारपूर्वक निवडावी. दुपारी बांगड्याचे तिखले जेवून लगेच, किंवा तोंडात पान-सुपारी असताना चहा चाखायला गेल्यास जिभेला काहीच उमगत नाही. कपड्यांवर अत्तर नसावे. सकाळी न्याहारीनंतर तासाभराने किंवा दुपारी चारच्या सुमारास नाक आणि जीभ दोन्ही ताजी असतात.

शक्य असल्यास घरच्या पाण्याची एक बाटली सोबत न्यावी. ही सूचना विचित्र वाटेल, पण कोकणासाठी मी ती आग्रहाने करतो. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते आणि त्यात नाजूक चहा छान खुलतो. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. काही बोअरवेलच्या पाण्यात लोह असते आणि बादलीवर तांबूस डाग पडतात. चहातील तुरट द्रव्यांचा लोहाशी संयोग झाला की रंग काळपट होतो आणि चव मंदावते. दुकानात शुद्ध केलेल्या पाण्यात सुरेख लागलेला चहा घरी बेचव का होतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. आपल्या पाण्यात एक कप करून द्यायला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

दुकानात काय पाहावे, काय विचारावे

आत शिरताच डब्यांवर एक नजर टाकावी. चहा बंद, अपारदर्शक डब्यांत आहे की काचेच्या बरण्यांत उजेडात मांडला आहे? काचेच्या बरण्या दिसायला देखण्या असतात, परंतु उजेडाने चहाचा सुगंध मरतो. दुकानात मसाल्याचा किंवा अगरबत्तीचा वास भरला असेल, किंवा गुलाब, व्हॅनिला, आंबा असे वास लावलेले चहा साध्या चहाला चिकटून ठेवले असतील, तर सावध व्हावे. चहाचे वाळलेले पान आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते.

यानंतर दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: चहा कोणत्या मळ्याचा किंवा निदान कोणत्या प्रदेशाचा आहे, कोणत्या हंगामातला आहे आणि कोणत्या वर्षीचा आहे. पाकिटावरची तारीख पॅकिंगची असते, खुडणीची नव्हे. गेल्या वर्षीचा चहा कालच्या तारखेच्या पाकिटात असू शकतो. ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ देता येतात, त्याच्याकडून खरेदी करायला हरकत नाही. उत्तराऐवजी ‘हा आमचा स्पेशल आहे’ एवढेच ऐकू आले, तर फार तर 25 ग्रॅम घ्यावा.

हंगामाचे महत्त्व विशेषतः दार्जिलिंगच्या चहात दिसते. हिवाळ्याच्या विश्रांतीनंतर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात फुटणाऱ्या पहिल्या कोवळ्या पालवीचा चहा म्हणजे फर्स्ट फ्लश. त्याचे सुके पान हिरवट दिसते, चहा फिकट सोनेरी उतरतो आणि त्याला ताज्या फुलांचा, किंचित हिरवा सुगंध असतो. मे-जूनमधील सेकंड फ्लशचे पान तपकिरी, चहा तांबूस आणि चव भरदार असते; काही मळ्यांच्या चहात पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देणारा जो ‘मस्कटेल’ सुगंध येतो तो याच हंगामाचा, आणि पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांच्या चाव्याचाही त्यात वाटा असतो. जुलै ते सप्टेंबरमधील पावसाळी पीक भराभर वाढते, म्हणून त्याला सुगंध कमी आणि भावही कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला चहा मवाळ आणि गोडसर असतो. त्याची चर्चा फारशी होत नाही, पण मध्यम भावात चांगला चहा हवा असणाऱ्याने तो अवश्य मागावा.

आसामात मे-जूनच्या सेकंड फ्लशला सर्वाधिक मान आहे. त्याच्या काळ्या पानांत सोनेरी टोके दिसतात आणि चवीला मोड आणलेल्या धान्याची गोडी असते. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत मात्र उत्तम चहा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत होतो. डोंगरावर दव गोठण्याइतका गारठा पडला की झाडाची वाढ मंदावते, पानांत सुगंध साठतो आणि त्याचा चहा स्वच्छ, फुलांच्या वासाचा, कमी तुरट असतो. हिमाचलातील कांगड्याचा चहाही लक्षात ठेवावा. तिथल्या चहाचा गोडवा हलका असतो आणि त्याचे नाव फारसे गाजलेले नसल्यामुळे भावही सहसा आवाक्यातले असतात.

नावाच्या बाबतीत कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. दुसऱ्या प्रांतातला आंबा हापूसच्या पेटीत भरून विकला जातो हे आपण दर वर्षी बाजारात पाहतो, आणि 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही पेटी उघडून वास घेतल्याशिवाय आपण पैसे देत नाही. दार्जिलिंगचेही तसेच आहे. भारतात भौगोलिक मानांकन सर्वप्रथम दार्जिलिंग चहालाच 2004 साली मिळाले, तरी शेजारच्या डोंगरांतला चहा त्या नावाने खपवला जातो. पाकिटावर चहाचे पान धरलेल्या स्त्रीचे चिन्ह आहे का आणि मळ्याचे नाव छापले आहे का, हे पाहावे. ‘दार्जिलिंग ब्लेंड’ असे मोघम लिहिलेले असेल तर त्यात दार्जिलिंगचा भाग किती, हे विचारणे आपला हक्क आहे.

डब्यावरच्या एफटीजीएफओपी, टीजीएफओपी, एफओपी, ओपी, बीओपी अशा अक्षरांना बिचकू नये. ती पानाचा आकार आणि कोवळ्या टोकांचे प्रमाण सांगतात: डावीकडे अक्षरे जितकी जास्त, तितकी टोके अधिक, सुरुवातीला ‘बी’ असेल तर पान तुटलेले, त्याखाली फॅनिंग्ज (बारीक तुकडे) आणि डस्ट (भुकटी). ही अक्षरे चवीची हमी देत नाहीत. चांगल्या मळ्याचा बीओपी हा दुर्लक्षित मळ्याच्या लांबलचक अक्षरांच्या चहापेक्षा सरस लागू शकतो, आणि तुटलेल्या पानाचा रंग लवकर उतरत असल्याने कडक चहाची सवय असलेल्याला तोच अधिक रुचतो.

पान पाहणे आणि चहा चाखणे

आता प्रत्यक्ष चहाकडे वळू. डब्यात हात घालू नये. दुकानदाराकडून चमचाभर पान पांढऱ्या कागदावर किंवा बशीत घ्यावे. पानांचा आकार एकसारखा आहे का, ती नीट वळलेली आहेत का, तळाशी भुकटी किती आहे, देठ आणि काड्या किती आहेत, हे पाहावे. फर्स्ट फ्लशमध्ये हिरवी, तपकिरी आणि रुपेरी छटा एकत्र दिसणे स्वाभाविक आहे, पण चांगल्या आसामात फिकट, चपट्या काड्या बऱ्याच दिसल्या तर निवड नीट झालेली नाही असे समजावे. एक पान चिमटीत मोडून पाहावे. ते कट्कन मोडले तर चहा कोरडा आहे; वाकले आणि चिवट लागले तर त्याला हवा लागली आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या किनाऱ्यावर ही एकच चाचणी केली तरी बरेचसे नुकसान टळते.

मग वासाकडे यावे. पान ओंजळीत घेऊन त्यावर तोंडाने एकदा उबदार फुंकर घालावी आणि लगेच हुंगावे. श्वासाच्या उबेने सुगंध सुटतो. गवत, फुले, मध, भाजलेले धान्य, लाकूड असे काहीही आठवले तरी ते बरोबरच असते. कोंदट, जुन्या पुठ्ठ्यासारखा किंवा गोणपाटाचा वास आला, तर भाव कितीही कमी केला तरी तो डबा सोडून द्यावा.

चाखण्यासाठी एका वेळी तीन-चारांहून अधिक चहा घेऊ नयेत आणि हलक्यापासून कडकाकडे जावे: आधी हिरवा किंवा फर्स्ट फ्लश, मग निलगिरी किंवा सेकंड फ्लश, शेवटी आसाम. व्यावसायिक चाखणीत 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा सहा मिनिटे ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. त्या कडक अर्कात दोष उघडे पडतात, म्हणून ती पद्धत घाऊक खरेदीदारांना सोयीची आहे. आपण मात्र ‘घरी जसा करून पिणार तसाच करून द्या’ असे सांगावे.

चहा ओतून घेतल्यावर कप ओठांना लावण्यापूर्वी किटलीतले ओले पान हुंगावे, कारण चहाचा खरा स्वभाव तिथे सर्वाधिक स्पष्ट कळतो. सेकंड फ्लशचे ओले पान नव्या तांब्याच्या भांड्यासारखे चकाकते. फर्स्ट फ्लशच्या पानात हिरवे आणि बदामी असे दोन्ही रंग राहतात. पान उलगडू लागले की दोन पाने आणि एक कळी अशी जोडी अख्खी सापडते का, तेही पाहावे. मग चहाचा घोट थोड्या हवेबरोबर सुर्रकन ओढावा. एरवी घरात ज्याबद्दल बोलणी बसतात तो आवाज इथे उपयोगाचा आहे, कारण त्यामुळे सुगंध घशामागून नाकात पोहोचतो. कडवटपणा आणि तुरटपणा हे वेगळे ओळखायला शिकावे. जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कडूपणा बहुधा दोष असतो, किंवा चहा जास्त वेळ मुरल्याचा परिणाम असतो. हिरड्या आणि गाल किंचित आवळल्यासारखे वाटणे म्हणजे तुरटपणा; तो प्रमाणात असेल तर चहाला जिवंतपणा देतो. कप कोमट झाल्यावर पुन्हा एकदा चाखावे, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. गरमपणात अनेक उणिवा झाकल्या जातात. कोमट झाल्यावरही ज्याचा सुगंध आणि गोडी टिकते, तोच चहा घ्यावा.

वास लावलेल्या चहांबद्दल थोडे सांगतो. मोगऱ्याच्या जातीच्या ताज्या कळ्यांचे थर देऊन सुवासिक केलेला हिरवा चहा ही जुनी आणि खरी कला आहे. परंतु पुष्कळ पाकिटांत नुसते सुगंधी तेल फवारलेले असते आणि त्याखाली हलक्या प्रतीचे पान दडवलेले असते. नवख्याने निदान पहिल्या काही खरेद्यांत साधा चहाच घ्यावा, म्हणजे पानाची चव जिभेवर बसते.

किती घ्यावा, कोणता घ्यावा

पहिल्या खेपेस माझ्या मते निलगिरीचा थंडीतला चहा, दार्जिलिंगचा सेकंड फ्लश आणि आसामचा ऑर्थोडॉक्स, प्रत्येकी 25 ते 50 ग्रॅम, एवढेच घ्यावे. या तीन चवी ओळखीच्या झाल्या की कांगड्याचा हिरवा चहा, मग ऊलाँग, अशा क्रमाने पुढे जावे. पांढरा चहा फार नाजूक असतो आणि मुरवलेल्या चिनी पु-एरला मातीसारखा वास असतो. दोन्हींची गोडी लागायला वेळ लागतो, त्यामुळे ते नंतरसाठी ठेवावेत.

किलोचा भाव ऐकून दचकू नये. हिशेब कपाचा करावा. एका कपाला सुमारे 2.5 ग्रॅम पान लागते, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 40 कप होतात. किलोला 6000 रुपये भावाचा चहा घेतला तरी कप 15 रुपयांना पडतो, आणि ऊलाँग किंवा हिरव्या चहाच्या त्याच पानांवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाणी ओतता येते. मात्र ‘किलोभर घेतला तर स्वस्त पडेल’ या आमिषाला कोकणातल्या माणसाने कधीही बळी पडू नये. आपल्या हवेत दीड-दोन महिन्यांत संपेल तेवढाच चहा घ्यावा.

घरी आणल्यावर

चहाचे पान पाण्याबरोबर उकळत ठेवायचे नाही, ही सवय मोडायला थोडे दिवस जातात. पाणी ताजे उकळावे. काळ्या आसामसाठी ते लगेच पानांवर ओतावे आणि झाकून तीन-चार मिनिटे मुरू द्यावे. फर्स्ट फ्लशला 85 ते 90 अंश आणि हिरव्या चहाला 70 ते 80 अंश तापमान पुरते. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण काढावे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे आणि काही मिनिटे थांबावे. हिरवा चहा दोन मिनिटांत गाळावा; कडू झाला तर पुढच्या वेळी पान कमी करण्याआधी पाणी अधिक निववून पाहावे. चमच्याच्या मापावर फार विसंबू नये, कारण लांब पानांचा चमचा हलका भरतो आणि बारीक पानांचा जड. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर तो वापरावा. गाळणी पाने मोकळी उलगडतील इतकी मोठी असावी. गूळ किंवा साखर घालायची असेल तर आधी अर्धा कप कोरा, बिनसाखरेचा पिऊन मग घालावी.

साठवणीच्या बाबतीत आपल्याकडे हयगय चालत नाही. कारखान्यातून निघताना चहात ओलावा जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास असतो. पावसाळ्यात डबा वारंवार उघडला तर तो हवेतला ओलावा झपाट्याने शोषून घेतो. साध्या स्टीलच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते. चहा चंदेरी अस्तराच्या पाकिटात, हवा काढून, तोंड घट्ट दुमडून आणि चिमटा लावून ठेवावा आणि ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. 50 ग्रॅमचे दोन भाग करून एक वापरात आणि दुसरा बंद ठेवला तर फारच उत्तम. चहाचा डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नये. आमसुले, सुकट, सुके बोंबील यांच्या जवळ तर मुळीच नको. फ्रिजमध्येही ठेवू नये, कारण बाहेर काढताच पानांवर दव धरते. चमचा नेहमी कोरडा असावा आणि वाफाळत्या किटलीवर धरून डबा उघडू नये. पान चिवट झाले असेल तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर क्षणभर शेकल्यास ओलावा जातो, पण गेलेला सुगंध परत येत नाही. बुरशीचा वास आला तर तो चहा टाकूनच द्यावा.

खरेदीचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावावे. निलगिरीचा थंडीतला चहा शिमग्याच्या सुमारास दुकानांत येतो, तेव्हा तो घ्यावा. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश एप्रिल-मेमध्ये मिळू लागतो, पण तो पावसाला सुरुवात होण्यापूर्वी संपेल इतकाच आणावा. सेकंड फ्लश आणि आसाम जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात येतात. भर पावसात स्वतः प्रवास करून ते आणण्यापेक्षा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना 50-50 ग्रॅमची कारखान्यात किंवा दुकानात यंत्राने सील केलेली पाकिटे आणायला सांगावीत, मळ्याचे नाव आणि वर्ष त्यांना चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि एका वेळी एकच पाकीट फोडावे.